'ब्लॅक स्टार' पहिल्यांदा ऐकताय? या चुका टाळा

'मॉस डेफ अँड तालिब क्वेली आर ब्लॅक स्टार' हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या दोन रॅपरांचा १९९८चा पहिला अल्बम. सामाजिक भान असलेलं रॅप कुठून ऐकायला सुरुवात करू, असं कुणी विचारलं की हे नाव हमखास पुढे येतं. मग काही दिवसांनी तीच तक्रार येते: "ऐकला, चांगला आहे म्हणे, पण भिडला नाही." अशा बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलेलं असतं. ते संदेश शोधायला बसतात आणि गाणं ऐकायचं राहून जातं.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. ॲपवर नुसतं 'ब्लॅकस्टार' टाकलंत तर डेव्हिड बोवीचा २०१६चा अल्बम समोर येईल. तोही सुंदर आहे, पण तो आपल्याला नको आहे, म्हणून पूर्ण नाव टाका. मॉस डेफ आता यासिन बे या नावाने ओळखला जातो, तेव्हा दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. आणि शफल बंद ठेवा. 'डेफिनिशन'ला लागूनच 'री:डेफिनिशन' येतं. मध्ये तिसरंच गाणं घुसलं तर त्या जोडीची सगळी मजा जाते.

उपदेश समजून ऐकू नका

'सामाजिक' हा शिक्का बसला की आपण हात जोडून, गंभीर चेहऱ्याने ऐकायला लागतो. पण या दोघांची पहिली निष्ठा रॅपच्या कारागिरीवर आहे. 'हेटर प्लेयर्स'मध्ये ते सरळ बढाया मारतात आणि 'बी बॉईज विल बी बॉईज' म्हणजे निव्वळ जल्लोष. ही गाणी भरताड समजून पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका. त्यांचा विचार या खेळातूनच उभा राहतो.

'डेफिनिशन'चंच बघा. एक, दोन, तीन अशी मोजणी करत ध्रुपद येतं, त्यात टुपाक आणि बिगी या दोन बड्या रॅपरांना गोळ्या घातल्याचा उल्लेख येतो. टुपाक १९९६च्या सप्टेंबरात गेला, बिगी १९९७च्या मार्चमध्ये. जखम ताजी होती. इतकं कळलं तरी गाणं पोचतं, पण खरी ताकद पुढे आहे. ही चाल बूगी डाउन प्रॉडक्शन्स या रॅप गटाच्या 'स्टॉप द व्हायोलन्स' या १९८८च्या गाण्यातून घेतली आहे. त्या गटाचा डीजे स्कॉट ला रॉक १९८७मध्ये न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समध्ये गोळीबारात मारला गेला आणि त्याच्या साथीदाराने, केआरएस-वनने, हिंसा थांबवा म्हणून गाणं केलं. दहा वर्षांनी दोन तरुणांना तीच मोजणी पुन्हा म्हणावी लागते. 'हिंसा वाईट' असं भाषण न देता त्यांनी फक्त जुनी चाल उचलली, आणि मधल्या दहा वर्षांत काय बदललं नाही ते ऐकणाऱ्याला आपोआप उमगलं. म्हणून आधी जुनं गाणं ऐका, लगेच नवं लावा. माझ्या मते या अल्बममध्ये शिरायचा याहून चांगला रस्ता नाही.

'चिल्ड्रन्स स्टोरी'ही तशीच. रॅपर स्लिक रिकच्या मूळ गाण्यात झोपताना सांगायच्या गोष्टीच्या थाटात एका चोरट्या मुलाची कहाणी येते. मॉस डेफ थाट तोच ठेवतो, पण त्याचा चोर दुसऱ्यांच्या बीट्स ढापून हिट गाणी काढतो. मूळ गाणं ठाऊक नसेल तर हा टोला हवेतच जातो.

नावावरून नुसती नजर फिरवू नका

हे नाव आलंय कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वीच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीवरून. जमैकात जन्मलेल्या गार्वीने ती १९१९मध्ये काढली. पाच डॉलरला एक शेअर, आणि घेणारे बहुतेक कष्टकरी कृष्णवर्णीय. कंपनी १९२२मध्ये बुडाली, टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपावर गार्वीला शिक्षा झाली आणि १९२७मध्ये अमेरिकेने त्याला हद्दपार केलं. तरी ते नाव मेलं नाही. घानाच्या झेंड्यावरचा काळा तारा तिथूनच आला. बुडालेल्या कंपनीचं नाव अभिमानाने मिरवणं म्हणजे काय, हे १९७२च्या मुंबईत दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव का घेतलं हे जाणणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

पुस्तकं बाजूला ठेवू नका

तालिब क्वेली ब्रुकलिनच्या नकिरू बुक्स या दुकानात काम करायचा, आणि पुढे दोघांनी मिळून ते विकतही घेतलं. त्या वाचनाचा माग 'थीव्ह्ज इन द नाइट'मध्ये थेट सापडतो. टोनी मॉरिसनच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या कादंबरीत निळ्या डोळ्यांचा ध्यास घेतलेली पेकोला नावाची काळी मुलगी आहे. कादंबरीच्या शेवटाकडे निवेदक मुलगी आपल्याच माणसांचा हिशेब मांडते: आम्ही बलवान नव्हतो, नुसते आक्रमक होतो, दयाळू नव्हतो, नुसते सभ्य वागत होतो. गाण्याचं ध्रुपद याच ओळींवर बांधलेलं आहे. बोट समोरच्या शत्रूकडे नाही, स्वतःकडे आहे, आणि हे न कळल्यामुळे कित्येक जण त्याला व्यवस्थेविरुद्धचं घोषणागीत म्हणून ऐकतात. शेवटची दहा-बारा पानं वाचून मग हे गाणं लावा. अंगावर येतं.

सगळंच डोक्यावर घेऊ नका

'ब्राउन स्किन लेडी' सावळ्या रंगाचं कौतुक करते. 'गोरी वधू पाहिजे' वाचत मोठे झालेल्या आपल्याला त्याची किंमत नक्की कळते. पण नीट ऐका. बोलतात फक्त पुरुष, बाई पाहिली जाते. चांगल्या हेतूच्या गाण्यालाही ही मर्यादा आहे, आणि ती बोलून दाखवली तर अल्बमचा काही अपमान होत नाही.

शब्द निसटतात म्हणून सोडू नका

क्वेली एका ओळीत इतके शब्द कोंबतो की पहिल्यांदा दम लागतो. मॉस डेफ त्यामानाने सैल, गात-गात जाणारा. पहिल्या खेपेला शब्द समोर उघडून बसू नका, कोणता आवाज कुणाचा एवढंच ओळखा. शब्द दुसऱ्या खेपेला. सुरुवात 'रेस्पिरेशन'ने केलीत तर सोपं जाईल. निर्माता हाय-टेकची संथ बीट आहे, आरंभी १९८३च्या 'स्टाइल वॉर्स' या माहितीपटातलं ग्राफिटी रंगवणाऱ्या पोराचं बोलणं आहे, मग रात्रीचं शहर श्वास घेऊ लागतं. शेवटी शिकागोचा रॅपर कॉमन येतो आणि न्यूयॉर्कहून आपण शिकागोत पोचतो. फोनच्या स्पीकरवर यातला बास ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन लावाच.

आणि दुसऱ्या अल्बमवर थेट उडी मारू नका. 'नो फिअर ऑफ टाइम' २०२२मध्ये आला, मॅडलिबच्या संगीतासह, तोही आधी ल्युमिनरी या पॉडकास्टच्या व्यासपीठावर. त्याचा पोत फार वेगळा, जास्त विस्कळीत आहे. १९९८चा अल्बम कानात मुरल्यावर तो ऐका.