तान्ह्या बाळाचा पोटशूळ: काय करावं, तोंडात काय घालू नये

दिवेलागणीची वेळ झाली की बाळ रडायला लागतं. मुठी आवळतं, गुडघे पोटाशी घेतं, चेहरा लालबुंद होतो. पाजलं तरी रडतं, खांद्यावर घेतलं तरी रडतं. मग घरात सल्ले सुरू होतात. "पोट दुखायलंय त्याचं, घुटी द्या की," असं आज्जी म्हणतात, शेजारच्या मावशी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला येतात आणि बाबा पोटदुखीचे थेंब आणायला मेडिकलकडे पळतात. सगळे काळजीपोटीच करतात. पण या रडण्यावर उपयोगी पडतात ते आपले हात. तोंडात घालायच्या वस्तूंपैकी बहुतेकांचा फायदा नाही आणि काही तर धोक्याच्या आहेत.

या रडण्याला डॉक्टर कोलिक म्हणतात, आपण पोटशूळ. साधारण पाचात एका बाळाला तो होतो, मग ते अंगावर पिणारं असो की वरच्या दुधावरचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल यांनी 1954 मध्ये त्याची खूण सांगितली होती: दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यातले 3 दिवसांहून जास्त आणि 3 आठवड्यांहून जास्त काळ रडणं. आजचे डॉक्टर तास मोजण्यापेक्षा बाळ एरवी निरोगी आहे ना, वजन वाढतंय ना, हे बघतात. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. पोटात गुडगुड ऐकू येते म्हणून आपण गॅसला दोष देतो, पण रडताना बाळ हवा गिळतं आणि त्यामुळेही गॅस होतो.

सहाव्या आठवड्यात, म्हणजे दीड महिन्याला, पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीचा पहिला डोसही असतो. त्यामुळे "लस दिल्यापासून बाळ बिघडलं" असं घरोघरी वाटतं. लसीनंतर एक-दोन दिवस किरकिर होऊ शकते, पण रोजचं संध्याकाळचं रडणं त्या वयाचंच असतं. पुढची लस लांबवू नका.

आधी बाळाला उघडं करून बघा

पोटशूळच आहे असं धरण्यापूर्वी एकदा सगळे कपडे काढा आणि चांगल्या उजेडात बाळ पायापासून डोक्यापर्यंत तपासा. हाता-पायाची बोटं एकेक करून वेगळी करा. मोज्यातला, हातमोज्यातला किंवा टॉवेलचा सुटा दोरा, नाहीतर आईचा गळलेला केस बोटाभोवती गुंडाळला जातो आणि बोट सुजून लाल-निळं होतं. बाळंतपणानंतर केस खूप गळतात आणि आपल्या सोलापुरात, मागांच्या गावात, सुताला काय तोटा, म्हणून ही तपासणी टाळू नका. करदोटा आणि मनगटातला काळा दोरा पोटाला-हाताला रुतत नाही ना, तेही बघा. बाळ आठवड्याला भरतं, दोरा तेवढाच राहतो. जांघेत फुगवटा असेल, मुलाच्या वृषणाला सूज असेल, तर लगेच डॉक्टर गाठा.

मग मानेमागे हात लावा. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि तरीही टोपरं, दुपटं, वरून चादर असं बाळ गुंडाळलेलं असतं. मान घामेजलेली असेल तर बाळ उकाड्यानंच रडत असेल. एक पातळ सुती झबलं पुरे. मात्र उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजू नका; फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला 6 महिन्यांपर्यंत कितीही ऊन असलं तरी आईचं दूध पुरतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पोचतंय.

हे दिसलं तर घरी थांबू नका

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. हिरवी उलटी, किंवा दर वेळी पिचकारीसारखी जोरात उलटी. शीमध्ये रक्त. पोट टणक आणि फुगलेलं. टाळू फुगलेली. दूध ओढत नाही, मलूल पडतं, उठवलं तरी नीट जागं होत नाही, श्वास घेताना धाप लागते. रडण्याचा आवाज एकदम किरटा किंवा क्षीण होतो. यातलं एकही लक्षण असेल तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावाहून यायचं असेल तर 108 ला फोन करा.

पाजण्याची पद्धत तपासा

बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेलेला हवा. नुसतं बोंड तोंडात असेल तर चप्-चप् आवाज येतो आणि हवा आत जाते. एका बाजूचं दूध पूर्ण पिऊ द्या, मगच दुसरी बाजू. दर दोन मिनिटांनी बाजू बदलली की सुरुवातीचं पातळ दूधच जास्त जातं, त्यातून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, भरपूर जाते, आणि हिरवट फेसाळ शी नि गॅस वाढतो. पाजून झालं की दहा-पंधरा मिनिटं उभं धरा. ढेकर आला नाही तरी पाठ बडवत बसू नका.

वरचं दूध द्यावं लागत असेल तर पावडरच्या डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळा. पातळही नको, घट्टही नको. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते साठवावं लागतं, म्हणून ते खळखळ उकळूनच वापरा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो नीट घासता आणि उकळता येतो.

आईच्या जेवणाचं काय? बाळंतिणीला डाळ बंद, शेंगाचटणी बंद, भाजी बंद, असं करून आईच अशक्त होते. भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणे सगळं खा. बाळाला शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, अंगावर इसब असं असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारून आईने दोन आठवडे दूध-दही बंद करून बघावं.

विडी वळणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. तंबाखूला हात लागला असेल तर साबणाने हात धुऊन, लुगडं बदलूनच बाळाला जवळ घ्या, आणि तंबाखूचं सूप बाळ असलेल्या खोलीत ठेवू नका. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने उंबऱ्याबाहेर जावं. आईचं धूम्रपान आणि पोटशूळ यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे.

रडं सुरू झाल्यावर

बाळाला पालथं तुमच्या हातावर घ्या: डोकं कोपराच्या खळग्याजवळ, तोंड एका बाजूला आणि नाक मोकळं, पोट तुमच्या हातावर, तुमचा पंजा त्याच्या मांडीला धरून. दुसरा हात पाठीवर ठेवून सावकाश फिरा. पोटावर येणारा तो हलका दाब बऱ्याच बाळांना मानवतो. झोप लागली की मात्र उताणंच झोपवा, सपाट गादीवर, उशीशिवाय.

तेलाचा हात लावायचा तर दूध पाजल्यावर अर्धा-पाऊण तासाने. बेंबीभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे बाळाच्या उजवीकडून वर आणि डावीकडे खाली, कारण मोठं आतडं त्याच वळणाने जातं. मग दोन्ही पाय धरून सायकल चालवल्यासारखे हळूहळू हलवा.

अंधूक उजेड, कमी माणसं आणि पंख्याचा एकसुरी आवाज यानेही बाळ निवतं. शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाच्या खटखटीत बाळं शांत झोपलेली आपण बघतो, पण मागाशेजारी झोळी बांधू नका. तो आवाज कानाला फार मोठा असतो आणि हवेत सुताची धूळ असते.

तोंडात काय घालू नये

मध नको, अगदी चाटवायलाही. एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंगातली ताकद जाते. घुटीत जायफळ, वेखंड, मुरडशेंग, हिरडा असं बरंच उगाळलं जातं. सहाणेवरची घाण पोटात जाते ती वेगळीच, आणि जायफळ जास्त उगाळलं तर बाळाला गुंगी येते. ते "शांत झालं" असं आपल्याला वाटतं, इथेच घोटाळा आहे. एरंडेल, हिंगाचं पाणी, ग्राइप वॉटर हेही नको. बेंबीभोवती वरून हिंगाचा लेप लावला तर बिघडत नाही, पुरळ आलं तर पुसून टाका. गॅसवर म्हणून मिळणारे सायमेथिकॉनचे थेंब नुसत्या पाण्याच्या थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. डायसायक्लोमाइन असलेले थेंब तर 6 महिन्यांच्या आत द्यायचेच नाहीत. त्याने श्वास अडखळल्याच्या नोंदी आहेत. मेडिकलवाल्याने दिले तरी बाटलीवरचं नाव वाचा. डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन डी मात्र चालू ठेवा.

शी होताना बाळ कुंथतं, लाल होतं आणि मग मऊ शी करतं, हे बद्धकोष्ठ नव्हे. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ वेळा शी करेल किंवा काही दिवस करणारही नाही. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी शीच्या जागी घालू नका. धुरी आणि पोटाला डागणं तर नकोच नको.

रडणं सहन होत नसेल तेव्हा

बाळ कधीही हलवू-झटकू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. डोकं भणभणलं की बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढा आणि दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर जा. संध्याकाळचा हा वेळ आज्जी, बाबा, आत्या यांनी वाटून घ्यावा. दिवसभर पाजून थकलेल्या आईने त्या वेळात झोपावं.

चार महिने उलटल्यावरही रडणं कमी झालं नाही, किंवा पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वजन भरत नसेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. जाताना लसीकरणाचं कार्ड, रडण्याच्या, दुधाच्या नि शी-शूच्या वेळा लिहिलेली वही आणि बाळाला दिलेल्या प्रत्येक थेंबाची बाटली बरोबर न्या.