टॉर्चचा संपलेला सेल उघडून आतलं रसायन कसं बघावं

संपलेला सेल उन्हात ठेवला की घड्याळ आणखी थोडे दिवस चालतं, हे सोलापुरात कुणालाही विचारा. ते खोटं नाही. पण उन्हामुळे सेल ‘चार्ज’ होतो, हे मात्र खोटं. आत डोकावलं की कळतं.

टॉर्चमधला मोठा, साधा झिंक-कार्बन सेल घ्या. त्यावर बहुधा ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं असतं. ‘अल्कलाइन’ लिहिलेला घेऊ नका, त्यातला दाहक पोटॅश कातडी भाजतो. मोबाइलच्या किंवा रिचार्जच्या बॅटरीला तर हातच लावू नका, ती पेट घेऊ शकते. हातमोजे आणि चष्मा घाला, खाली जुना पेपर अंथरा. मुलं करणार असतील तर मोठं माणूस शेजारी हवंच.

पक्कडीने वरचं टोपण आणि बाहेरचं वेष्टण काढा. आतला राखाडी डबा जस्ताचा, तोच ऋण टोक. त्याला आतून कागदाचं अस्तर असतं. मध्ये कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती काळा लगदा: मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची पूड आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइडचं पाणी. ‘कोरडा’ म्हणतात, पण आत ओल असतेच. ती आटली की सेल मेला.

जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून लगद्यात विरघळतात. मधलं अस्तर इलेक्ट्रॉनला अडवतं, म्हणून ते बाहेरच्या तारेने, बल्बमधून फिरून कार्बनच्या कांडीकडे येतात आणि मँगनीज डायऑक्साइड त्यांना घेतो. कांडी फक्त वाट देते, स्वतः झिजत नाही. जस्त मात्र झिजतं. डब्याला पडलेली भोकं दिसली तर सेल गळतो कसा, हे वेगळं सांगायला नको.

आता उलटं, म्हणजे याच भागांचा सेल पुन्हा जोडून बघा. कल्हईला वापरतात तो नवसागर चमचाभर, अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवा. डब्याचा चांगला तुकडा घासून घ्या, त्यावर या पाण्यात भिजवलेला टिपकागद, वर काळा लगदा थोडा ओला करून, आणि लगद्यात कांडी दाबा. जस्त आणि लगदा एकमेकांना टेकू देऊ नका. मल्टिमीटरची लाल तार कांडीला, काळी जस्ताला. आकडा एक व्होल्टच्या वर गेला तर जमलं. कोऱ्या सेलचा दीड असतो.

आता उन्हाची गोष्ट. सेल वापरताना जस्ताजवळ आणि लगद्यात तयार झालेले पदार्थ साचून आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, वाट अडवतात. ऊब मिळाली की आयन भराभर सरकतात आणि उरलंसुरलं रसायन कामाला येतं. नवं जस्त काही तयार होत नाही. उलट मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तापलेल्या पत्र्यावर सेल ठेवला तर ओल आटते आणि जस्त नुसतंच कुजतं. तसाच सेल नुसता बाजूला ठेवला तरी थोडा सावरतो. ऊन लागतंच असं नाही.

काम झाल्यावर हात साबणाने धुवा. उघडलेला सेल पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या, चुलीत टाकू नका. आणि कूलरच्या रिमोटमधले सेल पावसाळा लागला की काढून ठेवा.