पहाटे टॉवरवर बसून पक्षी बघताय? थंडीत या चुका टाळा

डिसेंबर लागला की नाशिककरांची पहाटेची वारी नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याकडे सुरू होते. फ्लेमिंगो आलेत का, क्रौंच दिसले का, कुठली लेन्स आणू, सगळं विचारून होतं, पण दोन-तीन तास एका जागी बसायचंय तर अंगावर काय घालू हे कुणी विचारत नाही. मग होतं काय, की साडेसातला कुठं जरा बरा उजेड पडतो, थापट्या नि चक्रवाक ही बदकं जवळ यायला लागतात आणि नेमकं तेव्हाच निम्मी मंडळी पक्षी बघायच्या टॉवरवरून उतरून चहाची टपरी शोधत फिरतात.

आता "नाशिकला कुठं एवढी थंडी" हे शहरात कॉलेज रोडवर उभं राहून म्हणायला ठीके. निफाड तालुक्यात पारा 5-6 वर येणं काही नवीन नाही, थंडीच्या दिवसांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात छापून येतो तो काय उगीच नाही, डिसेंबर 2018 मध्ये तर 2 च्याही खाली गेला होता. त्यात हे अभयारण्य गोदावरी नि कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं, म्हणजे सखल भाग, जिकडं बघाल तिकडं पाणी, गवत, ऊस. गार हवा जड असते, रात्रभर ती अशा खोलगट जागेत उतरून साचते. त्यामुळे घरून निघताना मोबाइलवर जो आकडा दिसतो त्यापेक्षा तिथं कमीच असणार हे धरून चालायचं.

पण खरा घोळ पाऱ्याचा नाहीये, बसण्याचा आहे. झपाझप चालणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढी उष्णता तयार होते त्याच्या साधारण तिसरा हिस्सा नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगात होते. म्हणजे गंगापूर रोडला मॉर्निंग वॉकला जो स्वेटर पुरतो तोच टॉवरवर अर्ध्या तासात नापास. अमेरिका-कॅनडात हरणाच्या शिकारीला झाडावरच्या मचाणावर बसणारे लोक हेच भोगतात. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते बरंच आहे, पण हलायचं नाही, आवाज करायचा नाही, उघड्यावर बसून राहायचं, हे तिन्ही नियम सेमच. तेव्हा कपडे टेंपरेचर बघून नाही, किती वेळ बसणार ते बघून ठरवायचे.

सगळं अंगावर चढवूनच निघणं

ही नंबर एकची चूक, आणि कारवाले जास्त करतात. थर्मल, स्वेटर, जॅकेट, मफलर सगळं घालून हीटर लावून चांदोरी-सायखेडा मार्गे येतात, उतरले की ट्रायपॉड नि बॅग खांद्यावर टाकून भराभर चालतात, टॉवरच्या पायऱ्या चढतात, तोवर पाठ ओली झालेली असते. मग बसले की तोच घाम गार पडतो. पाणी हवेपेक्षा जवळजवळ 25 पट वेगानं उष्णता ओढून नेतं, त्यामुळे ओल्या बनियनवर वरून कितीही जाड जॅकेट चढवा, आतून गारठा सुटत नाही. चालताना थोडं काकडायलाच पाहिजे, जाड कपडे पिशवीत ठेवा, वर जाऊन दोन मिनिटं श्वास खाली बसू द्या आणि मग घाला.

बाइकवाल्यांचं उलटं. ते वाटेतच गारठून येतात, आणि एकदा गारठलेलं अंग नुसतं बसून परत गरम होत नाही. छातीवर स्वेटर आणि जॅकेटच्या मधे पेपरची दोन-चार पानं घालायची जुनी युक्ती आजही एक नंबर आहे, वारा अडतो नि मधे हवा धरून राहते. पोचल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला.

आणि आतला कपडा सुती नको. कॉटन घाम पितं आणि धरून बसतं. साधं पॉलिस्टरचं स्पोर्ट्स टीशर्ट चालतं, वर लोकर. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही, म्हणूनच रात्री पिकाच्या राखणीला माळ्यावर बसणारी आपली म्हातारी माणसं घोंगडी सोडून दुसरं काही घेत नव्हती. तिला जरा वास येतो, टोचते, फोटोत बरी दिसत नाही, पण दव पडणाऱ्या पहाटे तिच्यासमोर अर्धी महागडी जॅकेटं पाणी भरतील. घोंगडी नको असेल तर शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटातला लोकरी स्वेटरही चालेल, फक्त एक साइज मोठा घ्या म्हणजे आत दुसरा थर मावतो.

बूड आणि पाय विसरणं

लोक जॅकेटवर पाच हजार घालवतात आणि बसतात कुठं तर सिमेंटच्या गार कट्ट्यावर नाहीतर लोखंडी अँगलवर. कट्टा रात्रभर गार झालेला असतो, तुम्ही बसल्यापासून तो तुमची ऊब शोषत राहतो आणि पँट तेवढी पातळ. जुन्या योगा मॅटचा तुकडा कापून दुहेरी घडी करा, बसायला एक आणि पायाखाली एक. हो, पायाखाली पण, कारण बुटाचा तळवा फरशीला टेकलेलाच असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मॅट नसेल तर थर्माकोल, पुठ्ठा, घडी केलेलं पोतं, काहीही, फक्त उघडी फरशी नको.

पायांचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात आधी तेच हार मानतात. पहिली गोष्ट दव. बांधावरच्या गवतातून जाळीचे स्पोर्ट्स शूज घालून चाललात की मोजे ओले झालेच, मग वर बसून कितीही बोटं हलवा. म्हणून कोरड्या मोज्यांची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि टॉवरवर गेल्या गेल्या बदलायची, आळस वाटतो पण हे करून बघाच, फरक लगेच कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन-दोन जाड मोजे कोंबून बूट आवळणं. ऊब मोज्यात नसते, मोज्यात अडकलेल्या हवेत असते, ती हवाच दाबून टाकली आणि वरून रक्तही आवळलं तर पाय गार पडणारच. एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटं मोकळी हलतील असा बूट. बाइकवर मोज्यावरून कॅरीबॅग घालतात ते वाऱ्याला ठीक आहे, पण बसल्यावर काढा, आत घाम साचतो.

तरीही पाय बधिर व्हायला लागले तर बूट सैल करा आणि दोन्ही पाय बुटासकट पोत्यात किंवा जुन्या शालीत घालून बसा. हसतील लोक, हसू द्या. सोबत मांडीचे नि पोटऱ्यांचे स्नायू दहा सेकंद आवळून सोडायचे, परत आवळायचे, बाहेरून काही हललेलं दिसत नाही त्यामुळे पक्षीही बिचकत नाहीत. याहून भारी इलाज म्हणजे दर अर्ध्या तासानं टॉवरच्या मागच्या बाजूला उतरून दोन मिनिटं चालणं. ही दोन मिनिटं वाचवायला जातात आणि मग अख्खी सकाळ घालवतात.

खसखसणारं जॅकेट

नायलॉनची विंडचीटर वाऱ्याला चांगली, पण हात उचलला की खसखस, कॅमेरा फिरवला की खसखस, आणि पलीकडं बसलेले शेकाट्या भुर्रकन उडाले की सगळा टॉवर तुमच्याकडं बघतो. शिकारी लोक विंडचीटर आत आणि मऊ लोकरी कपडा वर घालतात, तसंच करा. भडक लाल-पांढरं काही नको हे तर सगळ्यांना माहिती असतं तरी घालून येतातच.

हात गार पडले तर फक्त हातमोजे बदलून उपयोग नाही. धड गारठायला लागलं की शरीर आधी हातापायांचं रक्त कमी करतं, आतले अवयव वाचवायला. म्हणजे बोटं गार पडलीत तर आधी गळ्याला मफलर, पोटाला एक थर. माकडटोपी घाला, कान झाका, पण ते "शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते" वगैरे खरं नाही, डोक्यातून जाते ती डोक्याच्या आकाराच्या हिशोबानंच, तेव्हा नुसती टोपी घालून निर्धास्त बसू नका. हातमोज्यांत बोटं एकत्र राहणारा प्रकार पाच बोटांच्या मोज्यापेक्षा जास्त गरम असतो, आत पातळ मोजे ठेवा, शटर दाबताना वरचा काढायचा. ऑनलाइन मिळणारी हॅंड वॉर्मरची पाकिटं चालतात, पण त्यांतली लोखंडाची पूड हवेशी गंजून तापते, त्यामुळे घट्ट मुठीत आवळून ठेवली तर हवाच मिळत नाही आणि मग लोक म्हणतात डुप्लिकेट निघालं. खिशात सैल ठेवा, थेट कातडीला लावू नका.

चहा, ब्रँडी आणि शेकोटी

चहा प्या, थर्मासमधून थोडा थोडा प्या, हरकत नाही. चूक होते ती पाणी टाळण्यात. थंडीत लघवी जास्त लागते कारण हातापायांचं रक्त आत ढकललं जातं आणि किडन्या जादा पाणी बाहेर काढतात, म्हणून लोक घरूनच पाणी न पिता येतात, मग थकवा आणि डोकेदुखी. त्यापेक्षा टॉवरवर चढायच्या आधी जाऊन या आणि कोमट पाणी प्या. रिकाम्या पोटी बसू नका, शरीर जळण जाळूनच ऊब करतं, शेंगदाणा चिक्की, तिळाची वडी, गुळ-शेंगदाणे खिशात असू द्या, कुरकुऱ्यांचं पाकीट नको, त्याचा आवाज विंडचीटरपेक्षा वाईट.

"थोडी ब्रँडी घेतली की थंडी जाते" म्हणणारा एखादा तरी ग्रुपमध्ये असतोच. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते. वाटणं आणि असणं वेगळं. शिवाय अभयारण्यात दारू नेणं हा वेगळाच राडा.

शेकोटीचंही तेच, द्राक्षबागेत लोक पेटवतात ते पीक वाचवायला, इथं आग लावायची नसते, धूर नि उजेडानं पक्षी जातात आणि वाळक्या गवताला ठिणगी लागली तर संपलंच. कापडी हाइडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या छोट्या तंबूत, कोळशाची शेगडी तर चुकूनही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटता वाटता माणूस जातो. गरम पाण्याची रबरी पिशवी स्वेटरच्या आत पोटाशी धरा, तीच खरी शेगडी.

ऊन आलं म्हणून लगेच सोडणं

जानेवारीत सूर्य सातच्या पुढं उगवतो आणि पारा सगळ्यात खाली असतो तो सूर्योदयाच्या आसपास, कधीकधी थोडा नंतरही. कोवळं ऊन अंगावर आलं की लोक मफलर काढतात, तेवढ्यात पाण्यावरून वारा सुटतो आणि हुडहुडी भरते. धुकं उठेपर्यंत थांबा, मग एकेक थर काढत जा, दहानंतर तर स्वेटरही नको होतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, गारठ्यात ती लवकर मान टाकते, पण ऊब मिळाली की परत थोडी चालते, तेव्हा संपली म्हणून फेकून देऊ नका. निघताना गार कॅमेरा बॅगेत चेन लावून बंद करा आणि गरम कारमध्ये बराच वेळ उघडू नका, नाहीतर लेन्सवर पाणी जमतं.

सोबतचा कुणी सारखा थरथरतोय, बोलताना शब्द अडखळतायत, चेन लावता येत नाहीये, विचारल्यावर "काही नाही, बराय" म्हणतोय, तर फोटो गेले खड्ड्यात, त्याला खाली आणा, ओलं काढा, कोरडं घाला, गोड गरम पाजा आणि गाडीत बसवा. थरथर थांबूनही तो सुस्तच असेल तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, सरळ दवाखाना गाठा. दमा, बीपी, हार्टवाल्यांनी आणि सत्तरीच्या पुढच्यांनी पहाटेऐवजी आठनंतर आलेलं बरं, पक्षी तेव्हाही असतातच.

बाइकवाल्यांनो, बधिर बोटं सायलेन्सरला लावून शेकू नका, चटका बसलेला कळत नाही आणि घरी जाऊन फोड दिसतात. हात काखेत धरा, ब्रेक नीट दाबता येईपर्यंत किक मारू नका.