बोलेरो तिरकी चालतेय? मागच्या एक्सलला आधी मोजायचा टेप लावा

कसारा घाटातले पावसाळी खड्डे खाऊन आलेली बोलेरो तिरकी चालू लागली, की नाशकात सगळे पुढचं अलाइनमेंट करून मोकळे होतात. मागे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच कडक दांडा असतो. त्याचा टो-कॅम्बर (चाकांचे कोन) फिरवता येत नाही, पण तो पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, जागचा सरकू शकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या (चाक बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजा. एक बाजू सेंटिमीटरभर कमी भरली, तर दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट, म्हणजे पाट्या एकत्र धरून एक्सल जागेवर ठेवणारे बोल्ट, बघा. बहुधा एखादा तुटलेला असतो, किंवा त्याचं डोकं एक्सलच्या भोकातून निसटलेलं असतं. पाट्यांचे बुशही (टोकांच्या रबरी नळ्या) तपासा. नवा बोल्ट भोकात नीट बसवून पाट्या एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळा. शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी असताना द्या. थोडे दिवस चालवून पुन्हा आवळाच.