बेरीचा रंग खरंच अंगी लागावा म्हणून बेरी कशा खायच्या

ब्लूबेरी निळी, ब्लॅकबेरी काळपट जांभळी आणि स्ट्रॉबेरी लाल दिसते ती अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. त्यांचे फायदे सांगणाऱ्या पोस्ट तर रोजच येतात, पण एक गोष्ट त्यात क्वचितच असते, ती म्हणजे हा रंग जसाच्या तसा रक्तात फारच थोडा जातो. बराचसा आतड्यात फुटतो, तिथले जिवाणू त्याचे आणखी तुकडे करतात आणि मग हे तुकडे रक्तातून अंगभर फिरतात. २०१३ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात आठ पुरुषांना ५०० मिलिग्रॅम सायनिडिन (अँथोसायनिनचाच एक प्रकार) दिलं होतं, आणि ते शरीरात कुठे जातं ते कळावं म्हणून त्यातल्या कार्बनला खूण केलेली होती. मूळ रंगापेक्षा त्याचे तुकडेच रक्तात कितीतरी पटीने जास्त सापडले आणि तेही ४८ तासांपर्यंत! म्हणून बेरी खाताना आपल्या आतड्याचा विचार आधी करायचा, बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

१. फळ निवडताना

गडद रंगाची, पूर्ण पिकलेली बेरी घ्या, कारण पिकताना रंग वाढत जातो. ब्लूबेरी मधोमध कापून बघा, आतला गर फिकट हिरवट-पांढरा दिसेल, म्हणजे रंग जवळपास सगळा सालीत आहे. त्यामुळे साल गाळून टाकलेला ज्यूस प्यायलात तर बराच रंग चोथ्याबरोबर गेला आणि फायबरही गेलं, जे त्या जिवाणूंना हवं असतं. अख्खं फळच खा.

एकाच बेरीवर अडकू नका. स्ट्रॉबेरीत मुख्यतः पेलार्गोनिडिन असतं, ब्लॅकबेरीत सायनिडिन, ब्लूबेरीत माल्विडिन आणि डेल्फिनिडिन जास्त, हे सगळे अँथोसायनिनचेच प्रकार. प्रत्येकाचे तुकडे वेगळे होतात, उदा. सायनिडिनपासून प्रोटोकॅटेच्युइक ॲसिड बनतं, म्हणून आलटून पालटून खाल्लेल्या बऱ्या.

२. ताजी नाही मिळाली तर फ्रोझन

फ्रोझन म्हणजे कमी दर्जाचं असं अजिबात नाही, गोठवल्यावर रंग चांगला टिकतो. जॅममध्ये मात्र उष्णतेने काही रंग जातो आणि नंतर बाटली बाहेर ठेवली की महिनोन्महिने उरलेलाही कमी होत राहतो, वर साखर आहेच. घरात गर्भवती बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर फ्रोझन बेरी उकळूनच द्या, कारण अशा बेरीतून हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे होणारी कावीळ) पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत. थोडा रंग गेला तरी चालेल.

ताज्या बेरी आणल्या आणल्या धुवून ठेवू नका, ओलाव्याने बुरशी धरते, खायच्या वेळी धुवा.

३. कशाबरोबर खायच्या

हा रंग आंबटपणात लाल आणि स्थिर राहतो, आंबटपणा कमी झाला की निळसर होतो आणि टिकतही नाही. घरी बघायचं असेल तर ब्लूबेरी ठेचून थोडा रस दोन वाट्यांत घ्या, एकात लिंबू पिळा आणि दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, पहिला लगेच लालसर होईल आणि दुसरा निळा-हिरवा. सोडा घातलेल्या केकमध्ये ब्लूबेरीभोवती हिरवट डाग पडतात ते यामुळेच, केक खराब झालेला नसतो.

म्हणून साधं दही, ओट्स यांच्याबरोबर खाल्ल्या तर उत्तम, ओट्सचं फायबर जिवाणूंना मिळतं. स्मूदी करायची असेल तर केळं शक्यतो नको. केळ्यात पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, २०२३ च्या एका छोट्या अभ्यासात त्यामुळे फ्लेव्हनॉल हे बेरीतलेच दुसरे पॉलिफेनॉल (अँथोसायनिन ज्या गटात मोडतं त्याच गटातली द्रव्यं) शरीरात खूपच कमी गेलेले दिसले.

४. किती आणि किती दिवस

इथे लोक घाई करतात. मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर यांसारख्या गोष्टी एकत्र वाढलेल्या असणं) असलेल्या ११५ जणांवर सहा महिने चाललेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात रोज १५० ग्रॅम म्हणजे साधारण एक कप ब्लूबेरीइतकी पावडर घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या जास्त चांगल्या प्रसरण पावू लागल्या, अर्ध्या कपाने तसा फरक पडला नाही, आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) कशानेच सुधारला नाही. मला हा अभ्यास आवडतो कारण जे झालं नाही तेही त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे बेरीने डायबिटीस बरा होतो असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका आणि गोळ्या तर अजिबात बंद करू नका.

महिन्यातून एकदा टोपलीभर खाण्यापेक्षा नेहमीच्या खाण्यात एक कप बसवा, कारण तुकडे दोन दिवसांत निघून जातात. आणि पाकिटावर अँटिऑक्सिडंटचा मोठा आकडा बघून भुलू नका, तो परीक्षानळीतला असतो, अमेरिकेच्या कृषी खात्याने तर असल्या आकड्यांची यादी २०१२ मध्येच काढून टाकली.

५. कोणी जपून

वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी, विशेषतः तिचा ज्यूस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. एल्डरबेरी कच्ची खायची नाही, तिच्यातून सायनाइड तयार होऊ शकतं, नीट शिजवूनच खायची. अर्काच्या कॅप्सूलमध्ये नुसता रंग एकवटलेला असतो, अख्ख्या फळातलं फायबर नसतं, तेव्हा फळ मिळत असेल तर मी तरी कॅप्सूल घ्या म्हणणार नाही.

भरपूर ब्लूबेरी खाल्ल्या की दुसऱ्या दिवशी शौचाला गडद निळसर होऊ शकते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वास येणारी झाली तर तो बेरीचा रंग नाही, पोटात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.