संत्रा-मोसंबीतील रस शोषणारा पतंग: अंबिया बहारासाठी सल्ला

पावसाळा सरत असताना, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, अंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्याची, फळे रंग धरू लागतात आणि त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातील संत्रा व मोसंबीच्या बागांत रात्री रस शोषणारे पतंग येऊ लागतात. आफ्रिकेपासून दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत आढळणारा हा मोठा पतंग पंख मिटून बसला की वाळक्या पानासारखा दिसतो. मात्र मागचे पंख गर्द नारिंगी असून त्यांवर काळे ठिपके किंवा पट्टे असतात. इतर पतंगांची सोंड मऊ असते, याची टणक व टोकाला दातेरी असल्याने सालीतून थेट गरापर्यंत पोहोचते.

टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडलेले फळ दाबल्यावर तेथून रस येतो. पुढे त्या छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात, भोवतालचा भाग तपकिरी, मऊ होतो आणि फळ गळते. फळमाशीचा डंखही असाच दिसतो. म्हणून गळालेले फळ कापून पाहावे. आत अळ्या आढळल्या तर ती फळमाशी समजावी, कारण या पतंगाची मादी फळावर अंडी घालतच नाही. ती गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर अंडी घालते आणि तेथेच बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असलेली, उंट अळीसारखी कमान करून चालणारी अळी वाढते.

झाडावर केलेल्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, तो यामुळेच: पतंग दिवसा बागेबाहेर दडतो, अंधारात येतो आणि सालीवरील औषध टाळून आतला रस पितो. त्यामुळे आधी बांध व कुंपणावरील या वेली काढाव्यात. औषधी म्हणून हौसेने कुंपणावर चढवलेली गुळवेल ठेवायचीच असेल, तर तिच्यावरील अळ्या नियमित वेचाव्यात. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, 20 मिली मॅलाथिऑन हे कीटकनाशक व थोडा फळांचा रस मिसळलेले आमिष रुंद तोंडाच्या भांड्यांतून झाडांना टांगावे. जनावरे व मुले त्यापासून दूर ठेवावीत. सायंकाळी ओलसर पाल्याचा धूर करावा, अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात फळांवर बसलेले पतंग जाळीने पकडावेत आणि गळालेली फळे रोज गोळा करून खोल पुरावीत, कारण कुजणाऱ्या फळांच्या वासाने आणखी पतंग येतात.