सोसायटीतलं झाड छाटताय? या चुका टाळा

झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे, मग परवानगी कशाला? ही पहिली चूक. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खासगी जागेलाही लागू आहे. त्यात 'तोड' म्हणजे नुसता बुंधा कापणं नव्हे. झाड जाळणं, त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडीतच मोडतं. त्यामुळे बुंध्यात ॲसिड ओतणं किंवा साल सोलणं ही पळवाट नाही, गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या भिंतीवर आली म्हणून ती परस्पर उडवणंही नको.

अर्जात 'झाड धोकादायक आहे' एवढंच लिहू नका. पाहणीला येणाऱ्याला नेमकी फांदी कळली पाहिजे. झाडाची जात, बुंध्याचा घेर, इमारतीपासूनचं अंतर, पूर्ण झाडाचा आणि खराब भागाचा फोटो, मालकीचा पुरावा आणि सोसायटीचा ठराव जोडा. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागात, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे द्या. मेअखेर गर्दी उसळते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या.

पत्र हाती आलं की नीट वाचा. छाटणीच्या परवानगीवर तोड चालत नाही. तोडीची परवानगी मिळाली तरी १५ दिवस थांबावं लागतं. ही मुदत अपिलासाठी असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं, आणि भरपाईची रोपं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या झाडामागे चाळीस रोपं. ती लावायची कुठे, याचा विचार अर्जाआधी करा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र परवानगी असूनही होतं. कंत्राटदार शेंडा उडवतो, झाड भुंडं करतो आणि सगळे निर्धास्त होतात. अशा झाडाला खुंटांवरून दाट, उभे फुटवे येतात. ते आत खोलवर रुजलेले नसतात, नुसते बाहेरच्या थराला धरून असतात. जाड झाले की वादळात तेच आधी मोडतात, आणि उघड्या खुंटातून कूज आत शिरून ढोली होते. इमारतीच्या बाजूच्याच फांद्या काढल्या तर सगळा भार रस्त्याकडे झुकतो. गुलमोहरासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडात हे फार धोक्याचं. एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू देऊ नका.

जड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून जाडीच्या पाव भागापर्यंत पहिला काप. त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल फाटत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढा, पण फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. जखम त्या कड्यातूनच भरते, म्हणून ते तासू नका. वर डांबर किंवा ऑइलपेंटही लावू नका.

घरटी आधी बघा. बगळे, पाणकावळ्यांची पिल्लं असताना फांद्या पाडल्या तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वेगळा गुन्हा होतो. अशा झाडाची छाटणी पिल्लं उडून जाईपर्यंत पुढे ढकला.

झाड पडायलाच आलं असेल तर खालची गाडी आणि माणसं हलवा, अग्निशमन दलाला १०१ वर कळवा (मुंबईत महापालिकेचा क्रमांक १९१६) आणि करवत लागण्याआधी फोटो काढून ठेवा.